डेफ लेपर्डचा ‘हाय एन ड्राय’ पहिल्यांदा ऐकताय? मग असा ऐका

डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडची ओळख बहुतेकांना ‘हिस्टेरिया’पासून होते, आणि ते साहजिकच आहे. 1987 चा तो अल्बम जगभर दोन कोटींच्या वर खपला आणि त्यातली गाणी अजून कुठे ना कुठे कानावर पडतात. ज्याला गोडी लागते तो मागे जाऊन 1983 चा ‘पायरोमॅनिया’ ऐकतो. त्याच्याही मागे फारसं कुणी जात नाही. जुलै 1981 मध्ये आलेला ‘हाय एन ड्राय’ यादीत दिसतो, त्यातलं एखादं गाणं लावलं जातं, आवाज जरा कोरडा वाटतो आणि ऐकणारा परत ‘हिस्टेरिया’कडे वळतो.

मीही तसाच वळलो होतो. पुण्यात कॉलेजात असताना एका मित्राने दोन कॅसेट एकदम दिल्या होत्या. ‘हिस्टेरिया’ची फीत झिजेपर्यंत वाजवली आणि दुसरी, ‘हाय एन ड्राय’ची, दोन गाण्यांनंतर परत केली. बारा-तेरा वर्षांनी एका रात्री हेडफोन लावून तोच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, तेव्हा लक्षात आलं की मी तो चुकीच्या टोकाकडून ऐकत होतो. ‘पायरोमॅनिया’त जे आहे ते इथे शोधत होतो, आणि इथे जे आहे त्याकडे कान गेलाच नव्हता. तुमची बारा वर्षं जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी योग्य आवृत्ती मिळवा

ही पायरी क्षुल्लक वाटेल, पण अर्धा गोंधळ इथेच होतो. मूळ अल्बममध्ये दहा गाणी आहेत. सुरुवात ‘लेट इट गो’ने, शेवट ‘नो नो नो’ने. ‘पायरोमॅनिया’ने अमेरिकेत धुमाकूळ घातल्यावर कंपनीने 1984 मध्ये हा जुना अल्बम पुन्हा बाजारात आणला. त्यात ‘ब्रिंगिन ऑन द हार्टब्रेक’चं रिमिक्स आणि ‘मी अँड माय वाइन’ ही दोन गाणी जोडली. रिमिक्समध्ये सिंथेसायझर चढवला आहे. 1984 च्या कानांना तो हवासा वाटत होता, 1981 च्या बँडचा मात्र तो आवाज नव्हे. तुम्हाला ऐकायचंय ते मूळ गाणं, यादीत चौथ्या क्रमांकावरचं. गाण्याच्या नावापुढे ‘रिमिक्स’ असं लिहिलेलं दिसलं तर ते आज सोडून द्या.

आता ऍपमधले तीन बदल. शफल बंद करा. दोन गाणी एकमेकांत विरघळवणारी क्रॉसफेडची सोय बंद करा. गाण्यांमध्ये फट न ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा. शेवटचा बदल का, ते पुढे चौथ्या-पाचव्या गाण्याशी कळेल.

एक बारीक गोष्ट. या बँडचं आणि त्यांच्या कंपनीचं डिजिटल हक्कांवरून बरीच वर्षं जमत नव्हतं. त्यांची जुनी गाणी रीतसर स्ट्रीमिंगवर आली ती जानेवारी 2018 मध्ये. त्याआधी ज्यांनी इंटरनेटवरच रॉक ऐकायला सुरुवात केली त्यांच्या वाटेला हा अल्बम आलाच नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही.

मग वयं लक्षात घ्या

हे पाच जण शेफिल्डचे. इंग्लंडच्या उत्तरेकडचं पोलादाचं शहर, कारखान्यांचं. चमचे बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्यातली खोली भाड्याने घेऊन ते सराव करायचे. ‘हाय एन ड्राय’ ध्वनिमुद्रित झाला 1981 च्या मार्च ते जूनमध्ये, लंडनच्या बॅटरी स्टुडिओत. तेव्हा गायक जो इलियट 21 वर्षांचा होता आणि तोच सगळ्यांत मोठा. स्टीव्ह क्लार्क, पीट विलिस हे दोन गिटारवादक आणि बासवाला रिक सॅव्हेज विशीतले. ड्रमवादक रिक ॲलन सतरा वर्षांचा. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा बारावीच्या क्लासला जात असतो.

आणि त्यांच्यासमोर बसलेला माणूस होता अल्बमचा निर्माता मट लँग. त्याने एसी/डीसी या रॉक बँडसाठी ‘हायवे टू हेल’ आणि ‘बॅक इन ब्लॅक’ केले होते आणि तो तेव्हा नावाजलेला होता. बँडचं व्यवस्थापन पाहणारा पीटर मेन्श एसी/डीसीच्या वर्तुळातलाच, त्यामुळे ही गाठ पडली. लँग एकेक ओळ पुन्हा पुन्हा घ्यायला लावणारा माणूस. गाण्यातलं जास्तीचं मांस तो काढून टाकायचा. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) कुठे थांबावा, कोरस कधी यावा, बासने कधी गप्प बसावं, हे सगळं तो ठरवून घ्यायचा.

‘पायरोमॅनिया’त लँग प्रत्येक गाण्याचा सहलेखक आहे. ‘हाय एन ड्राय’च्या मूळ दहा गाण्यांत त्याचं नाव लेखक म्हणून कुठेच नाही. गाणी पोरांची आहेत, शिस्त त्याची आहे. ‘पायरोमॅनिया’चं काम चालू असतानाच, 1982 च्या जुलैत, पीट विलिसला बँड सोडावा लागला आणि त्याच्या जागी फिल कॉलेन आला. म्हणजे या पाच जणांनी लँगच्या हाताखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेला अल्बम एकच, तो हा. याला ‘पायरोमॅनिया’ची कच्ची प्रत समजू नका. याची जात वेगळी आहे आणि पुढे ती त्यांच्याकडून पुन्हा निपजली नाही.

पहिली बाजू मधे न थांबता ऐका

म्हणजे कॅसेटची पहिली बाजू: पहिली पाच गाणी, वीसेक मिनिटं. फोन उलटा ठेवा. पहिल्या वेळी काही शोधू नका, टिपू नका, फक्त ऐका.

‘लेट इट गो’ सुरू झाल्या झाल्या कळेल की ही मंडळी हवेशीर वाजवतात. गिटार एक वाक्य म्हणते आणि थांबते, त्या थांबण्यात ड्रम दिसतो. दोन गिटार, बास आणि ड्रम एका खोलीत उभे आहेत असं वाटतं. नंतरच्या अल्बमांत आवाज भिंतीसारखा येतो, थरावर थर चढवलेला. ‘हिस्टेरिया’त तर गिटारचे काही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकेक तार वेगळी वाजवून घडवले आहेत. ती कारागिरी थोर आहेच. पण भिंतीत कुणाचा हात कुठे आहे ते दिसत नाही, इथे दिसतं.

‘अनदर हिट अँड रन’ आणि शीर्षकगीत झालं की चौथं गाणं येतं. इथे सावकाश.

‘ब्रिंगिन ऑन द हार्टब्रेक’ सुरू होतं ते सुट्या सुट्या सुरांनी, एकेक तार छेडत. इलियटचा आवाज खालून येतो. कोरसला सगळे एकत्र वर चढतात, आणि इलियटला तिथे पोहोचायला जोर लावावा लागतो हे कानाला जाणवतं. काही जणांना तो ताण उणीव वाटतो. मला तोच या गाण्याचा जीव वाटतो. पुढे हाच गायक ‘हिस्टेरिया’त कितीतरी आवाजांच्या थरांत सुरक्षित उभा आहे, इथे तो एकटा कड्यावर आहे. हार्ड रॉक बँडचं हळवं गाणं हा पुढे ऐंशीच्या दशकाचा ठरलेला साचा झाला. हे गाणं तो साचा पडण्याआधीचं आहे, म्हणून त्याच्यात गोडवा कमी आणि दुखणं जास्त आहे. वीस वर्षांनी, 2002 मध्ये, अमेरिकन पॉप गायिका मराया कॅरीने ते आपल्या अल्बमात गायलं. एवढ्या वेगळ्या गळ्यातही चाल टिकली, यावरून तिची बांधणी किती पक्की आहे ते कळतं.

गाणं संपत आलं की कान टवकारा. ते संपत नाही. शेवटच्या कोरसच्या पोटातूनच ‘स्विच 625’चा रिफ उगवतो आणि पुढची तीन मिनिटं एक शब्दही नाही. गाणाऱ्याचं रडून झालंय आणि आता गिटार बोलतेय, असं काहीसं. हे स्टीव्ह क्लार्कने एकट्याने रचलेलं आहे. फट न ठेवण्याची सोय चालू करायला सांगितली ती या सांध्यासाठी. तिथे अर्धा सेकंद जरी शांतता आली तरी दोन गाण्यांचं एक गाणं होत नाही. मैफलींतही बँड बऱ्याचदा ही दोन जोडूनच वाजवतो. संकलनांत मात्र बऱ्याचदा ‘हार्टब्रेक’ एकटंच येतं. तसं ऐकलेल्या माणसाने ते अर्धंच ऐकलंय असं मी म्हणेन.

आता एका कानाने

दुसऱ्या दिवशी तीच बाजू पुन्हा लावा, पण इअरफोनचा एकच बोंडा कानात घाला. दोन गाणी डाव्या कानाने ऐका, मग तीच उजव्या. दोन गिटार एकच गोष्ट वाजवत नाहीत हे लगेच कळेल. एक जण रिफ धरून ठेवतो, दुसरा त्याच्या भोवती हिंडतो, मधेच दोघे एका सुरावर येतात. कुठल्या बाजूला क्लार्क आणि कुठल्या बाजूला विलिस हे ओळखायचा हट्ट नको. दोन स्वभाव आहेत एवढं कळलं की पुरे.

पीट विलिसबद्दल एक शब्द, कारण त्याला फार लवकर विसरलं गेलं. या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांवर लेखक म्हणून त्याचं नाव आहे. ‘पायरोमॅनिया’तल्या ऱ्हिदम गिटारही त्याच्याच आहेत, आणि ज्या ‘फोटोग्राफ’ने बँडला अमेरिकेत घरोघरी नेलं त्याच्या लेखकांतही तो आहे. उंचीने छोटा, हाताने घट्ट. रिफला पाया देणारा माणूस तो होता.

एकदा फक्त ड्रमकडे लक्ष देऊन ऐका. 31 डिसेंबर 1984 ला मोटार अपघातात रिक ॲलनचा डावा हात गेला. त्यानंतर पायाने चालवायच्या पॅडचा खास संच बनवून घेऊन तो परत आला आणि आजही वाजवतो, हे जगाला ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्याचं जेवढं कौतुक करावं तेवढं थोडं. पण अपघाताआधीचा ॲलन कसा होता हे ऐकायचं असेल तर ‘पायरोमॅनिया’ फारसा उपयोगाचा नाही, त्यातले ड्रम बरेचसे यंत्रावर घडवलेले आहेत. तो मुलगा इथे भेटतो. ‘लेडी स्ट्रेंज’ लावा. या गाण्याच्या लेखकांत त्याचंही नाव आहे. दोन्ही हात, सतरा वर्षं, आणि जराही घाई नाही.

मागचा-पुढचा अल्बम शेजारी ठेवून बघा

अल्बमचं मूल्यमापन करायचं तर तो कुठून आला आणि कुठे गेला हे ऐकावं लागतं. त्यासाठी सगळी डिस्कोग्राफी पालथी घालू नका. तीन गाणी एकापाठोपाठ लावा: 1980 च्या पहिल्या अल्बममधलं ‘वेस्टेड’, मग ‘लेट इट गो’, मग ‘फोटोग्राफ’. बारा-तेरा मिनिटांत सगळा प्रवास हाती लागतो.

‘वेस्टेड’मध्ये उत्साह आहे, पोरं पळत सुटली आहेत. तो अल्बम जूडास प्रीस्ट या हेवी मेटल (जड, आक्रमक रॉक) बँडबरोबर काम करणाऱ्या निर्माता टॉम ॲलमने केला होता आणि त्यात सत्तरीच्या दशकाची सावली बरीच आहे. शेवटी साडेसात मिनिटांचं ‘ओव्हर्चर’ही आहे. ‘लेट इट गो’त तोच उत्साह आहे, पण लगाम बसलाय. ‘फोटोग्राफ’मध्ये घोडा, रथ, रोषणाई, सगळं आलंय. हे ऐकताना कुठलं गाणं जास्त आवडलं हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रत्येक वेळी काय मिळालं आणि त्यासाठी काय सोडलं, एवढंच कागदावर लिहा. माझ्या कागदावर ‘फोटोग्राफ’समोर मिळालेल्यांत ‘चाल’ आहे आणि सोडलेल्यांत ‘खोली’. ज्या खोलीत पाच जण वाजवत होते, ती.

आकड्यांवर विसंबू नका, पण ते वाचा

पहिला अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत 15 व्या क्रमांकापर्यंत गेला होता. ‘हाय एन ड्राय’ 26 ला अडकला. म्हणजे चांगला अल्बम काढूनही बँड घरच्या मैदानात खाली घसरला. कारण गाण्यांत नव्हतं. पहिल्या अल्बमवर ‘हॅलो अमेरिका’ नावाचं गाणं होतं आणि ही मंडळी आपल्याला सोडून अमेरिकेच्या मागे लागली, असा ब्रिटिश मेटलप्रेमींत समज झाला. ऑगस्ट 1980 मध्ये रेडिंगच्या महोत्सवात त्यांच्या अंगावर बाटल्या-डबे फेकले गेले. त्या वेळी आयर्न मेडन, सॅक्सन या बँडसह ज्या नव्या ब्रिटिश मेटल लाटेत त्यांना धरलं जायचं, तिथे बेइमानीचा शिक्का सहज पुसला जात नसे.

अमेरिकेत उलट झालं. पहिला अल्बम 51 ला थांबला होता, हा 38 ला पोहोचला. तोही लगेच नाही. एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली 1 ऑगस्ट 1981 ला, म्हणजे अल्बम आल्यावर काही आठवड्यांनी. त्या वाहिनीला दाखवायला व्हिडिओ कमी पडत होते, आणि या बँडकडे लिव्हरपूलच्या रॉयल कोर्ट थिएटरात चित्रित केलेले व्हिडिओ तयार होते. ‘हार्टब्रेक’ तिथे वाजत राहिलं, आणि ‘पायरोमॅनिया’ आला तेव्हा ऐकणारे आधीच तयार होते.

पण याच यशाने पहिल्या अल्बमांवर सावली टाकली. पुढच्याने अमेरिकेत एक कोटीचा टप्पा गाठला की आधीचं सगळं ‘तयारी’ म्हणून गणलं जातं. कुठल्याही बँडचा दुर्लक्षित सुरुवातीचा अल्बम उघडाल तेव्हा हे तपासा: तो खरंच कमी पडला, की पुढच्याच्या उंचीमुळे बुटका दिसला?

दुसरी बाजू, आणि उणिवा

आवडत्या अल्बमच्या उणिवा झाकून त्याची बाजू मांडता येत नाही, म्हणून या स्पष्ट सांगतो. गीतं साधी आहेत. मुली, शनिवारची रात्र, दारू, हृदयभंग, यापलीकडे विषय फारसे जात नाहीत. शीर्षकगीतातल्या पिण्याच्या वर्णनामुळे 1985 मध्ये अमेरिकेतल्या पालकांच्या संघटनेने काढलेल्या पंधरा आक्षेपार्ह गाण्यांच्या यादीत त्याला जागा मिळाली. आज ते गाणं वाचलं तर आक्षेपापेक्षा पोरवयाची बढाईच जास्त दिसते. ‘यू गॉट मी रनिन’ कोरसवर तरून जातं, त्यात मला फार काही सापडलेलं नाही.

पण ‘मिरर मिरर’ सोडू नका. वेग कमी, अंधार जास्त, आणि क्लार्कच्या गिटारला मोकळं मैदान. ते गाणं संकलनांत सहसा नसतं, त्यामुळे ते भेटायचं तर इथेच. ‘ऑन थ्रू द नाइट’ ऐकताना एक गंमत लक्षात ठेवा: हे नाव पहिल्या अल्बमचं आहे, पण त्या नावाचं गाणं तिथे नाही, ते इथे आलं. आणि ‘नो नो नो’ म्हणजे सगळी शिस्त झुगारून पाच जण शेवटी एकदा सुसाट सुटतात.

स्टीव्ह क्लार्क 8 जानेवारी 1991 ला गेला, अवघ्या तिसाव्या वर्षी. ‘मिरर मिरर’ आणि ‘स्विच 625’ ऐकताना मला दर वेळी वाटतं की त्याच्या बोटांतलं जे इथे इतकं उघडं आहे, ते नंतरच्या चकचकीत अल्बमांत आपल्याला नीट मिळालंच नाही.

मग तुमचं मत लिहा

तीनदा ऐकून झालं की वहीत अर्धं पान लिहा. ‘भारी’, ‘अफाट’, ‘कमाल’ हे शब्द टाळा. त्याऐवजी एक क्षण पकडा: अमुक गाण्यात अमुक ठिकाणी बास थांबतो आणि तेव्हा मला असं वाटलं. वाटल्यास कव्हरपासून सुरुवात करा. हिप्नॉसिस या ब्रिटिश डिझाइन कंपनीने केलेलं ते चित्र मोठ्या आकारात उघडा. एक माणूस जलतरण तलावात सूर मारतोय आणि तलाव रिकामा आहे. तो हवेत आहे तोवर त्याची कमान सुंदर दिसते. हा अल्बम ऐकल्यावर ते चित्र तुम्हाला भीतीचं वाटतं की मोकळेपणाचं, एवढं जरी लिहिलंत तरी तुमचं लिखाण इतरांसारखं होणार नाही.

पुढे जायचं तर 2013 चं ‘व्हिवा हिस्टेरिया’ बघा. लास व्हेगासच्या त्या कार्यक्रमांत बँडने ‘डेड फ्लॅटबर्ड’ असं उलटसुलट नाव घेऊन स्वतःच्याच कार्यक्रमाआधी स्वतःच वाजवलं आणि सुरुवातीच्या अल्बमांतली गाणी बाहेर काढली. पन्नाशीच्या आसपासचे लोक विशीतली गाणी वाजवताना कसे दिसतात ते पाहण्यासारखं आहे.

आणि आज रात्री ऐकणार असाल तर शेवटची एक सूचना. आपोआप पुढचं गाणं लावण्याची सोयही बंद करा. नाहीतर ‘नो नो नो’ संपता संपता ऍप ‘फोटोग्राफ’ लावून मोकळं होईल, आणि कान लगेच तुलनेला लागतील. दोन मिनिटं शांत राहू द्या, मग पुन्हा ‘लेट इट गो’ लावा.